यादीत नसलेले मँगनीज

२८ जून २०२३ रोजी केंद्रीय खाण मंत्रालयाने देशासाठी कळीच्या ठरणाऱ्या ३० खनिजांची यादी जाहीर केली. लिथियम, कोबाल्ट, निकेल, ग्रॅफाइट, दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये ही नावे कुणीही आधीच सांगितली असती. तांबे, कथील, पोटॅश अशी रोजच्या ओळखीची नावेही तीत आहेत. मँगनीज मात्र नाही. अमेरिकेच्या यादीत ते आहे, आणि युरोपीय संघाच्या यादीत बॅटरीच्या दर्जाचे मँगनीज आहे. आपली यादी करणाऱ्या समितीने दोन कसोट्या लावल्या होत्या: अर्थव्यवस्थेला त्या खनिजाची गरज किती, आणि त्याचा पुरवठा तुटण्याचा धोका किती. पहिल्या कसोटीवर मँगनीज मागे राहण्याचे कारण नाही, कारण त्याच्याशिवाय पोलाद होत नाही. दुसरीवर ते मागे पडणार हे उघड आहे. नागपूरच्या मॉइलसारखी सरकारी कंपनी ते देशातच काढते, आणि कमी पडेल तेवढे दक्षिण आफ्रिका, गॅबॉन, ऑस्ट्रेलिया अशा निरनिराळ्या देशांतून येते. एक दार बंद झाले तर दुसरे उघडे आहे.

राष्ट्राने आपल्या खनिजांची तजवीज कशी करावी, हा या पुस्तकाचा विषय. पुढच्या लेखांत कायदे आहेत, करार आहेत, टनांचे आणि कोटींचे हिशेब आहेत. ते वाचण्याआधी वाचकाला मी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात नेऊ इच्छितो. तिथे लिथियम सापडलेले नाही. पण एक खनिज जगाला अत्यावश्यक वाटू लागते, त्यासाठी डोंगर पोखरले जातात, मग जगाची गरज सरते आणि मागे खड्डे उरतात, ही सगळी फेरी एका माणसाच्या आयुष्यात तिथे पुरी झाली. दिल्लीतल्या कागदांवरून ही फेरी कळत नाही.

जोयडा म्हणजे पूर्वीचा सुपे तालुका. पश्चिमेला गोवा, उत्तरेला खानापूर, दक्षिणेला कारवार. कर्नाटकातल्या सर्वांत विरळ वस्तीच्या तालुक्यांत याची गणना होते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख मुंबई राज्यात होता. कारवार आणि हल्याळबरोबर सुपे तालुक्यावरही महाराष्ट्राने दावा सांगितला आणि तो वाद आजही सर्वोच्च न्यायालयात आहे. डोंगरात कुणबी, गवळी, सिद्दी यांच्या वस्त्या. घरात कोकणी, बाजारात मराठी, कचेरीत कन्नड, असा भाषांचा व्यवहार इथे फारसा कुणाला अवघड जात नाही. पाऊस धो-धो. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि कारवारला समुद्राला मिळते.

या डोंगरांच्या माथ्यावर जांभा दगड आहे, आणि जांभ्याच्या पोटात जागोजाग मँगनीजचे कप्पे. भूगर्भशास्त्रज्ञ या पट्ट्याला गोवा-सुपे खोरे म्हणतात. सांगे आणि केपे तालुक्यांतल्या गोव्याच्या मँगनीज खाणी आणि सुप्याच्या खाणी ही एकाच खडकाची दोन टोके. मधली सीमा पोर्तुगीजांनी आणि इंग्रजांनी आखलेली. मध्य प्रदेशातल्या बालाघाटसारखी खोलवर जाणारी सलग शीर इथे नाही. इथे कप्पा लागला की खणायचा, संपला की पुढच्या टेकडीवर जायचे. म्हणून खाणी लहान, विखुरलेल्या आणि उघड्या. खनिज हातात घेतले तर आकाराच्या मानाने जड लागते, आणि बोटांना काजळी लागावी तसा काळा डाग पडतो. अशा खाणींत यंत्रे उशिरा आली. पहारीने ढेपा सुटायच्या, हातोडीने फोडायच्या, चांगला काळा खडा एका बाजूला आणि माती-दगड दुसऱ्या बाजूला. ही निवड बहुतेक बायकाच करायच्या. निवडलेल्या मालाचे आयताकृती ढीग रचून त्यांच्या मापावर मजुरी ठरायची. टाकलेला दगड उताराला पडून राही आणि पावसाळ्यात खालच्या भातखाचरात येई.

एवढ्या आडरानातल्या काळ्या खड्याला परदेशात एवढे गिऱ्हाईक कसे मिळाले, याचे उत्तर बर्लिनमध्ये आहे.

लोखंडातले गंधक आणि प्राणवायू काढून टाकून पोलाद चिवट करायचे तर मँगनीज लागते; जगात निघणाऱ्या मँगनीजपैकी सुमारे नव्वद टक्के पोलादाकडेच जाते. रुळांचे सांधे, दगड फोडणारी यंत्रे, रणगाड्यांचे पट्टे यांसाठीच्या खास पोलादात तर ते १२-१३ टक्के असते. अमेरिकेकडे पोलादाचे कारखाने अफाट, पण चांगले मँगनीज जवळपास नाही. १९३९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने युद्धोपयोगी मालाचे साठे करण्याचा कायदा केला, १९४६ मध्ये तो विस्तारला. आज ज्याला आपण कळीच्या खनिजांचे धोरण म्हणतो त्याचा हा थेट पूर्वज. तेव्हा अमेरिकेला मँगनीज पुरवण्यात रशियाचा वाटा मोठा होता. १९४८-४९ मध्ये बर्लिनची कोंडी झाली, शीतयुद्ध पेटले आणि रशियाने तो पुरवठा आखडला. अमेरिका भारताकडे वळली. भाव चढले. देशाचे मँगनीज उत्पादन १९५३ मध्ये १९ लाख टनांच्या घरात गेले. सुप्याच्या टेकड्यांवर पहार चालू होती ती या तेजीत.

१९५१ सालचा एक व्यवहार इथे सांगायलाच हवा. देशात धान्याची टंचाई होती आणि नेहरू सरकारने अमेरिकेकडे २० लाख टन धान्य मागितले. वॉशिंग्टनमध्ये महिनोन्महिने घासाघीस झाली. अमेरिकन काँग्रेसच्या काही सदस्यांना बदल्यात भारताचे मोनॅझाइट आणि मँगनीज हवे होते. जूनमध्ये ट्रुमन यांनी १९ कोटी डॉलरच्या कर्जाच्या कायद्यावर सही केली, आणि अमेरिकेच्या साठ्याला लागणारा माल देऊन ते फेडता येईल अशी तरतूद त्यात ठेवली. मोनॅझाइटची निर्यात मात्र नेहरूंनी खुली केली नाही. त्यातला थोरियम अणुऊर्जेसाठी राखायचा होता, आणि १९४८ चा अणुऊर्जा कायदा त्यासाठीच केला होता. मँगनीजबद्दल असा हट्ट कुणी धरला नाही. ज्या धातूचे भविष्य दिसत होते तो राखला, ज्याचे वर्तमान चालू होते तो विकला. त्या वेळच्या परकीय चलनाच्या चणचणीत हे चुकले असे म्हणवत नाही.

माल बाहेर नेण्याची वाटही सरळ नव्हती. कॅसलरॉक हे स्टेशन जोयडा तालुक्यातच आहे. १८८०च्या दशकात मुरगाव बंदरापासून घाट चढून आलेला पोर्तुगीज रेल्वेचा फाटा तिथे इंग्रजी हद्दीला जोडला गेला; जकात, तपासणी, इंजिन बदलणे सगळे तिथे. घाटमाथ्यावरच्या खनिजाला रेल्वेने सर्वांत जवळचे बंदर म्हणजे मुरगाव. १९५५ मध्ये गोवा मुक्तीच्या लढ्यात भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि ही रेल्वे थांबली. त्यानंतर १९६१ च्या डिसेंबरपर्यंत सुप्याच्या मालाला शेजारचे बंदर परदेश झाले. पुरवठ्याच्या साखळीविषयी आजकाल चर्चासत्रांत बरेच बोलले जाते. एका स्टेशनावर फाटक पडले की साखळी तुटते, हे कॅसलरॉकच्या हमालांना तेव्हाच ठाऊक होते.

दशक संपता संपता अमेरिकेचे साठे भरले, आफ्रिकेतल्या आणि ब्राझीलमधल्या नव्या खाणी सुरू झाल्या, आणि भारतीय मँगनीजची तेजी ओसरली. दरम्यान सरकारला एक शहाणपण सुचले होते: कच्चा खडा विकण्याऐवजी इथेच फेरो-मँगनीज करावे. त्या काळात देशात जे कारखाने उभे राहिले त्यांतला एक तुमसरजवळ, एक कन्हानला आणि एक दांडेलीत, म्हणजे जोयड्याच्या दारातच. माझ्या मते या सगळ्या हकिकतीचा कणा इथे आहे.

फेरो-मँगनीज विजेच्या भट्टीत होते. एक टन काढायला अडीच ते तीन हजार युनिट वीज जाते. म्हणजे जवळ खनिज असून भागत नाही, स्वस्त वीज लागते. ती काळी नदीत होती, पण ती बांधायला वेळ लागला. सुपे धरणाचे काम सत्तरच्या दशकात सुरू झाले आणि १९८७ मध्ये १०१ मीटर उंचीची भिंत पुरी झाली. सुपे गाव, तालुक्याचे जुने ठाणे, पाण्याखाली गेले. कचेऱ्या जोयड्याला गेल्या, आणि माणसे रामनगरसारख्या नव्या वसाहतींत. खाली नागझरी, कोडसळ्ळी, कद्रा अशी वीजघरांची रांग उभी राहिली, आणि कारवार तालुक्यात त्याच नदीकाठी कैग्याचे अणुवीज केंद्र. वीज मुबलक झाली तोवर दांडेलीच्या फेरो-मँगनीजचे चांगले दिवस सरले होते. तुमसरजवळचा कारखानाही पुढे विजेच्या थकबाकीच्या ओझ्याखाली बंद पडला. खनिज, वीज आणि भट्टी या तीन गोष्टी एकाच वेळी एका ठिकाणी जुळवता आल्या नाहीत. एकेकाळी मँगनीजचा बडा निर्यातदार असलेला देश आज ते आयात करतो.

हा हिशेब डोक्यात ठेवून आजच्या धोरणाकडे पाहावे. २९ जानेवारी २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशनला मंजुरी दिली: १६,३०० कोटींचा खर्च, सरकारी कंपन्यांकडून अपेक्षित १८,००० कोटींची गुंतवणूक, मुदत २०३०-३१ पर्यंत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तोवर १,२०० शोधप्रकल्प हाती घ्यायचे आहेत. परदेशातल्या खाणींसाठी २०१९ मध्ये ‘काबिल’ ही कंपनी निघाली. तिने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनातल्या कातामार्का प्रांतात लिथियमच्या पाच क्षेत्रांचा करार केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतल्या रियासीत ५९ लाख टन लिथियमयुक्त खनिजाचा अंदाज जाहीर झाला तेव्हा वर्तमानपत्रांनी दिवाळी केली. तो अंदाज शोधाच्या प्राथमिक टप्प्याचा होता. लिलाव झाला तर पुरेसे बोली लावणारे पुढे आले नाहीत. मातीत मिसळलेले लिथियम परवडणाऱ्या खर्चात वेगळे कसे करायचे, हे ठाऊक असल्याशिवाय कोण पैसे घालणार?

अडते ते इथेच. चीनची पकड खाणींपेक्षा शुद्धीकरणावर अधिक आहे. बॅटरीला लागणाऱ्या अतिशुद्ध मँगनीज सल्फेटपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त चीनमध्ये होते, आणि त्यासाठीचा खडा बराचसा आफ्रिकेतून तिथे जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये चीनने गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीवर परवाना लावला, डिसेंबरात ग्रॅफाइटवर, ४ एप्रिल २०२५ रोजी सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर. तीन महिन्यांत त्याची झळ पुण्याला लागली. बजाज ऑटोला चेतकच्या विजेवरच्या स्कूटरचे उत्पादन कमी करावे लागले. तिच्या मोटारीत लागतात ते हेच चुंबक. आणि आपण कोण? नेहरूंनी राखलेल्या, थोरियमबरोबर दुर्मीळ मृदाही असलेल्या मोनॅझाइटचे मालक. आयआरईएल ही सरकारी कंपनी १९५० पासून आहे, अलुव्याचा दुर्मीळ मृदांचा कारखाना १९५२ चा. वेगळी केलेली मूलद्रव्ये आपण जपानला विकत आलो आणि त्यांचे चुंबक बाहेरून घेत आलो. चुंबक इथे व्हावेत म्हणून ७,२८० कोटींची योजना नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर झाली. पंच्याहत्तर वर्षे हातात माल होता, भट्टी नव्हती.

याला एक लहानसा अपवाद आहे आणि तो आपल्या विदर्भातला. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतले मँगनीज डायऑक्साइड उत्तम प्रतीचे. मॉइल तिथे विद्युतप्रक्रियेने अतिशुद्ध डायऑक्साइड करते. टॉर्चचा जुना सेल फोडला की मधल्या कार्बनच्या कांडीभोवती जी काळी पूड दिसते, तिचा जीव म्हणजे हे रसायन. जोयड्याच्या रानवाटांनी रात्री चालणारा माणूस दोन पिढ्या ते हातात घेऊन फिरत आला आहे. बॅटरीचे मँगनीज आपल्याला परके नाही. आपण ते सेलच्या पुढे नेले नाही, एवढेच.

म्हणून धोरणाच्या कागदात मी आधी शुद्धीकरणाचे आकडे शोधतो, खाणींचे नंतर. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने हे स्पष्ट लिहिले आहे: २०३० पर्यंत गरजेच्या १० टक्के खनिज स्वतः काढायचे, ४० टक्क्यांवर प्रक्रिया स्वतः करायची, २५ टक्के भंगारातून मिळवायचे, आणि कुठल्याही एका परक्या देशावर ६५ टक्क्यांहून जास्त विसंबायचे नाही. खाणीला सर्वांत लहान आकडा आहे, याची नोंद घ्यावी. आपल्याकडे भंगारातून धातू काढण्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये १,५०० कोटींची योजना आली. हे योग्य दिशेचे पाऊल आहे. पण खाण ही दिसणारी गोष्ट. तिच्या लिलावाचे फोटो येतात. रसायनाच्या कारखान्याचे फोटो कोण छापतो?

आता जंगलाकडे. दांडेली अभयारण्य १९५६ चे, अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७ चे. २००७ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, आज त्याला काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात. अभयारण्य ४७५ चौरस किलोमीटर, उद्यान ३४०. जंगलाच्या आतल्या मँगनीज खाणी बंद झाल्या. एप्रिल २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने अभयारण्य आणि उद्यानाच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम करता येत नाही. पण जोयडा तालुका व्याघ्र प्रकल्पापुरता नाही. जांभ्याच्या टेकड्या त्या हद्दीबाहेरही आहेत. २०१५ पासून खाणींच्या रॉयल्टीबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पैसा जमा होतो आणि तो खाणग्रस्त गावांवर खर्च व्हावा असा नियम आहे. आधीच बंद पडलेल्या खाणींचा त्यात छदामही येत नाही. माल गेला, पैसा गेला, आणि नुकसानभरपाईचा कायदा मागाहून आला.

पुढच्या लेखांत जे कलमवार आले आहे ते इथे थोडक्यात सांगतो, कारण जोयड्याचा धोका तिथे आहे. २०२३ च्या दुरुस्तीने खाण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ‘भाग ड’ जोडला गेला. त्या वेळी त्यात घातलेल्या २४ खनिजांचे लिलाव केंद्र करते. ८ सप्टेंबर २०२५ रोजी पर्यावरण मंत्रालयाने एक ज्ञापन काढले: या भागातल्या आणि अणुखनिजांच्या खाणींना पर्यावरण मंजुरी घेताना जनसुनावणी लागणार नाही. मँगनीज अजून ‘भाग क’ मध्ये आहे, म्हणून त्याला सुनावणी लागते. आणि कलम ११-सी प्रमाणे अनुसूचीत बदल करायला संसदेत जावे लागत नाही, राजपत्रातली अधिसूचना पुरते. बॅटरीत मँगनीजचा वापर वाढतो आहे. उद्या कुणी त्याला भाग क मधून भाग ड मध्ये सरकवले, तर कारवारच्या जिल्हाधिकाऱ्यांपुढे उभे राहून कुंभारवाड्याच्या किंवा जगलबेटच्या माणसाने बोलण्याची जागा त्याच दिवशी जाईल. त्याला ते कळेलच असेही नाही.

वनहक्क कायद्याचे दार शिल्लक राहते, असे कुणी म्हणेल. तेही तपासून पाहावे. गोव्यात कुणबी २००३ पासून अनुसूचित जमातीत आहेत. सीमेच्या अलीकडे, जोयड्यात, तेच कुणबी त्या यादीत नाहीत. मागणी जुनी आहे. त्यामुळे २००६ च्या कायद्याखाली त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून अर्ज करावा लागतो, आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट सिद्ध करावी लागते. म्हणजे १९३० चा पुरावा. ठाणे असलेले गावच धरणात बुडालेल्या तालुक्यात १९३० चा कागद शोधायचा. पलीकडच्या सांगे तालुक्यातल्या त्याच आडनावाच्या पाहुण्याला ही अट नाही. एका यादीत नाव नसल्यामुळे मँगनीजची सुनावणी टिकून आहे आणि दुसऱ्या यादीत नाव नसल्यामुळे कुणब्याचा हक्क अडला आहे, ही गंमत फक्त सरकारी कागदातच संभवते.

या संग्रहातल्या काही लेखकांचे मत माझ्याहून वेगळे आहे. चीनशी स्पर्धा करायची तर सुनावणीसारखे टप्पे कमी केले पाहिजेत, असे त्यांतल्या दोघांचे म्हणणे आहे. त्यांनी मांडलेली दिरंगाईची उदाहरणे खरी आहेत. मंजुरीसाठी वर्षानुवर्षे अडकलेले प्रकल्प मलाही ठाऊक आहेत. पण रियासीचा लिलाव सुनावणीने अडवला नव्हता, आणि चेतकच्या चुंबकासाठी कुठल्या गावाने वाट अडवली नव्हती. दोन्ही ठिकाणी कमी पडले ते धातू वेगळा करण्याचे तंत्र आणि ते करणारा कारखाना. मतभेद वाचकापुढे असावेत म्हणून ते लेख जसेच्या तसे ठेवले आहेत. ज्याला वेळ थोडा आहे त्याने कायद्याच्या अनुसूचींवरचा लेख आधी वाचावा आणि मग खनिजांच्या यादीकडे वळावे. ती यादी वेळोवेळी तपासून बदलायची आहे, असे समितीनेच सुचवले आहे.